मागच्या दोन खोल्यांचे भाडेकरू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच. सुनंदा माझी बायको, आणि तिच्या कानावर जाऊ नये म्हणून बाकीच्यांनाही सांगता आलं नाही — आमच्या गावात दुपारी एकाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी भाजीबाजार फिरून घरी येते. तुम्ही लांबचे आहात. तुम्हाला सांगतो.

घरपट्टीपासून सुरुवात करतो. तशी ही गोष्ट घरपट्टीची नाही. पण तिथून बोलायला सोपं जातं.

गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव नको. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक अर्ज घेऊन येतात, मी भरून देतो, कुठे सही, कुठे तिकीट ते सांगतो. त्यामुळे मला कायदा कळतो असा गावाचा समज आहे. गावाचा एकट्याचा कशाला — माझाही होता.

तर, नगरपरिषद घरपट्टी कशावर लावते? घर बांधायला तुम्हाला काय लागलं यावर नाही. हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, असा अंदाज करतात आणि त्या अंदाजावर कर बसवतात. दिलं असतं तर — दिलेलं नसलं तरी. तुम्ही स्वतः राहत असा, कुलूप असो, आत नुसती सोयाबीनची पोती रचलेली असोत; कागदावर तुमच्या घराला कधीच न आलेलं एक भाडं येतच असतं. त्याला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. आणि काही वर्षांनी एकदा सगळ्या गावाची नव्याने मोजणी होते.

त्या दिवसांत आमचं गाव बघण्यासारखं असतं. घरं एकाएकी गरीब होतात. वास्तुशांतीला ज्या माणसाने हात धरधरून प्रत्येक खोली दाखवलेली असते, तोच आता दारात उभा राहून सांगतो की इथे माणूस राहू शकत नाही. सोफ्यावर गोधड्या पडतात. एसीवर चादर. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर नव्या फरशीवर शेण सारवायचं ठरवलं होतं. त्यांच्या बायकोने आधी त्यांनाच घराबाहेर काढलं. आणि या सगळ्यांना सल्ले कोण देत होतं? मी. मागच्या भिंतीला ओल आहे म्हणा. जिना पडायला आलाय म्हणा. पाणी चढत नाही म्हणा. झेरॉक्स काढता काढता फुकट सांगायचो.

त्यातलाच एक सल्ला असा की घरात जुना भाडेकरू असेल, तर तो देतो तेवढंच थोडकं भाडं धरतात, बाजारभावाचं धरत नाहीत. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कधीतरी मीच एकाला सांगितलं होतं. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि ते फिरून माझ्या दुकानात आलं तेव्हा मला ते खरं वाटलं.

आता मामाजींबद्दल सांगायला हवं. इथेच माझी जीभ अडते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मेडशीला त्यांची पिठाची गिरणी होती. जन्म त्या घरघरीत गेला, त्यात कान गेले. ऐकू येतं, पण मोठ्याने बोललेलं. सासूबाई गेल्या, गुडघे धरले, गिरणी विकावी लागली, तेव्हा मीच त्यांना इकडे आणलं. सुनंदाला भाऊ नाही. मी सगळ्यांसमक्ष म्हणालो होतो की आता मामाजी आमच्याकडेच राहतील. मेडशीत बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई असावा तर असा, असं मी माझ्या कानांनी ऐकलं. ते ऐकायला मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

आमच्या घराच्या मागे दोन खोल्या आहेत. त्यांचं एक दार घरात उघडतं, एक बोळात. तिथे मामाजी राहिले, आणि राहिले ते असे की जणू कुणी हाकलायला येणार आहे. लेकीच्या घरचं अन्न खायचं, हे त्यांना आतून सोसत नव्हतं. भाजीत मीठ नसलं तर तशीच खायचे. पोट अर्धं राहिलं तरी दुसरी भाकरी मागायची नाही. एकदा अख्खा मे महिना त्यांचा पंखा बंद होता आणि त्यांनी सांगितलं नाही. पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे, आणि आमच्यापैकी कुणी आलं की पुठ्ठा उशीखाली. मेडशीहून पुतण्या एसटीने तुरीच्या डाळीची पिशवी पाठवायचा, ती घेऊन ते सुनंदासमोर असे उभे राहायचे की जणू त्यांचीच चूक झाली आहे.

मला त्यांचा त्रास काय होता? काहीच नाही. हीच अडचण होती. माणूस त्रास देत असला की रागवायला जागा असते. ते पहाटे खोकायचे, तेही दाबून. आणि ते दाबलेलं खोकणं ऐकून मला वाटायचं — काय वाटायचं ते पुढे सांगतो.

मोजणीवाली मॅडम आली त्या दिवशी सुनंदा शेलूबाजारला बहिणीकडे गेली होती. मॅडमच्या हातात टॅब, सोबत टेप धरायला एक माणूस. समोरच्या खोल्या मोजून झाल्या. मी ओल दाखवली. जिन्याबद्दल बोललो. मॅडम सगळ्या घरी हेच ऐकत आली होती, ती नुसती मान हलवत होती. मग मागे गेलो. मामाजी उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मॅडमने विचारलं, इथे कोण राहतं?

आणि मी म्हणालो, "जुने भाडेकरू आहेत मॅडम. निघता निघत नाहीत."

एवढंच. किती सहज आलं ते तोंडातून. मला आठवतं, म्हणताना मी जरा हसलोसुद्धा, घरमालक हसतात तसा.

मामाजी माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं मी धरून चाललो. पण मॅडम कामात चोख होती, ती वाकली आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "बाबा, तुम्ही इथे भाड्याने राहता का?" मामाजींनी वर पाहिलं. मॅडमकडे नाही — माझ्याकडे. हातातली शेंग अर्धी सोललेली.

"हो," ते म्हणाले. "लय दिवस झाले."

मॅडमने टॅब पुढे केला, त्यांनी त्यावर बोटाने सही केली, ती माणसं पुढच्या घरी गेली. मी दुकानात निघून आलो. त्यांना धड समजलंच नसेल, असं मी स्वतःला दिवसभर सांगितलं. रात्री ते नेहमीसारखेच खाली मान घालून जेवले. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. पुढच्या दारावर थाप पडली. मामाजी घरातून आत यायचे, पुढून कधीच नाही. आज बोळातून वळसा घालून, टोपी घालून, पायरीवर उभे होते.

"मालक," ते म्हणाले, "पंखा कुरकुर करते. पायता का जरा?"

मी उठून पंखा पाहिला. दुसरं काय करणार होतो?

तिथून पुढे मामाजी भाडेकरू झाले. आणि काय सांगू, किती चांगले भाडेकरू झाले. ज्या माणसाने मीठ मागितलं नव्हतं, तो मला दुकानावर येऊन सांगू लागला की मोरीचं पाणी तुंबलं आहे. बोळातला दिवा लागत नाही. खिडकीची कडी बसत नाही. दिवाळीच्या आधी चुना मारायचं पाहा म्हणाले. आवाज चढला, मान ताठ झाली. ताटात भाकरी कमी पडली तर मागून घेऊ लागले. पुतण्याची डाळ आली ती त्यांनी सुनंदाला दिली नाही. माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, हे या महिन्याचं. बोळातल्या बाकीच्या भाडेकरूंमध्ये जाऊन बसायचे. तिथे मालकलोकांना नावं ठेवायचा कार्यक्रम असतो. एकदा मी तिथून जात होतो, तर मामाजी माझ्याबद्दल सांगत होते की माणूस वाईट नाही, पण दुरुस्तीले लय टाळते. सगळ्यांनी माना हलवल्या. हे खरं होतं.

मला ही शिक्षा आहे हे कळत होतं. पण खरं सांगू? मला वाटतं त्यांना त्यात थोडं सुखही होतं. जावयाच्या घरी सासऱ्याला काय हक्क? भाडेकरूला असतो.

घाबरली ती सुनंदा. "बाबाले काय झालं हो?" ती विचारायची. "तुमाले मालक काहून म्हणून राह्यले?" त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. घरपट्टीसाठी थोडं खोटं बोललो, त्याचा राग आला आहे त्यांना — एक वाक्य. ती दोन दिवस बोलली नसती, मग हसली असती. पण ती विचारणार होती, नेमकं काय म्हणालात? आणि 'भाडेकरू' हा शब्द मी तिला सांगू शकलो असतो. पुढचे तीन शब्द नसते सांगता आले. म्हणून मी म्हणालो, "वय झालं आता."

बस. वय झालं आता — एवढ्यावर तिने सगळं रचलं. कामरगावच्या तिच्या मावशीचं शेवटी असंच झालं होतं, ती माणसं ओळखेनाशी झाली होती. सुनंदा रात्री रडायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचो. हा हात कसा फिरवला मी, हे मला आजही कळत नाही.

शेवटी आम्ही मामाजींना अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. ते निमूट आले. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. मामाजींनी उलटे आकडे असे म्हटले की डॉक्टर मध्येच चुकले. मग सुनंदाकडे बोट करून डॉक्टरांनी विचारलं, या कोण? माझी पोरगी, मामाजी म्हणाले. आणि हे? मामाजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आता सांगतात, असं वाटलं. सांगा, असंही वाटलं थोडं.

"हे घरमालक आहेत," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. गोळ्या दिल्या. आम्हाला बाजूला घेऊन समजावलं की त्यांना विरोध करू नका, ते म्हणतात तसंच म्हणत चला. म्हणजे त्या दिवसापासून सुनंदाही मालकीणबाई झाली. वडिलांना चहा देताना विचारायची, खोली आवडली का हो तुम्हाला? आणि मामाजी तिच्याकडे असे बघायचे की मी तिथून उठून जायचो. गोळ्या ती स्वतःच्या हाताने द्यायची, म्हणून त्यांना गिळाव्या लागायच्या. दुपारभर त्यांना गुंगी यायची. एक शहाणा माणूस माझ्या खोटेपणासाठी विसरभोळेपणाच्या गोळ्या खात होता, आणि मी रोज रात्री विचारायचो, दिल्या का ग गोळ्या?

त्यांनी का सांगितलं नाही तिला? मी खूप विचार केला आहे. सांगायचं तर तिच्या नवऱ्याचे ते शब्द तिला सांगावे लागले असते.

आणि मग नगरपरिषदेची नोटीस आली. माझा कायदा असा निघाला की पट्टी कमी झालीच नाही, वाढली. स्वतः राहणाऱ्याला दर कमी, भाड्याने दिलेल्या भागाला जास्त. मागच्या दोन खोल्यांपुढे स्पष्ट छापलेलं — भाडेकरू. नोटीस सुनंदाच्या हातात पडली. मला वाटलं, संपलं. पण तिने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाबानंच सांगतलं असंल त्या बाईले," ती म्हणाली. "तेव्हापासूनच सुरू होतं बघा."

मी काय म्हणालो असेन?

"असेल," म्हणालो.

हरकत घेतली. सुनावणीला सुनंदा म्हणाली की बाबांना घेऊनच जाऊ, साहेबांना प्रत्यक्ष दाखवू. सभागृहात गाव जमलेलं. जो तो उठून आपल्या घराची निंदा करत होता आणि शेजाऱ्याच्या घराचं कौतुक करत होता. एक म्हणे, माझ्या घरापेक्षा याचा गुरांचा वाडगा बरा, त्यात निदान ऊन येतं. साहेब हसू दाबत होते. आणि साहेबांच्या शेजारी, टॅब घेऊन, तीच मॅडम बसली होती.

आमचं नाव पुकारलं. सुनंदा उठली. साहेब, हे माझे वडील आहेत, भाडेकरू नाहीत, त्यांचं डोकं जरा — साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, विचारलं की भाडेकरू अशी नोंद कुणाच्या सांगण्यावरून केली. मॅडमने टॅबवरून मान वर केली. तिने मला ओळखलं होतं. तोंड उघडलं तिने.

तेवढ्यात मामाजी उभे राहिले. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश.

"मीच सांगतलं साहेब," ते म्हणाले. "मले ऐकू कमी येते. बाई काय इचारून राह्यल्या, समजलं नाही. मी हिचा बाप आहो. हे माये जवाई."

मॅडमने तोंड मिटलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टॅबमध्ये. साहेबांनी नोंद बदलायला सांगितली. सुनंदा तिथेच सगळ्यांसमोर वडिलांच्या गळ्यात पडून रडली — बाबांना आठवलं, बाबांना आठवलं. लोकांनाही गहिवरून आलं. दोघातिघांनी माझा हात हातात घेतला.

ती पेढे आणायला गेली. आम्ही दोघं बाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो. घाणा बंद होता. मामाजी गुडघे चोळत होते. मग त्यांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, "जवाईबुवा, निघत नाही मनलं तुमी. ते पट्टीसाठीच मनलं ना?"

मी हो म्हणालो.

पण ते लगेच म्हणालो नाही. थोडा वेळ गेला. फार नाही. कमी ऐकू येणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत असतो, त्याला असा वेळ बरोबर दिसतो. ते "बरं" म्हणाले, आणि पेढा आला तेव्हा त्यांनी अर्धाच घेतला.

तर हे आहे ते. भाडेकरू म्हणालो ते खोटं होतं. निघता निघत नाहीत म्हणालो, ते त्या दिवशी माझ्या मनातलं होतं. पहाटे ते दाबून खोकायचे तेव्हा मी अंथरुणात पडून हेच म्हणायचो, मनात, कितीतरी दिवसांपासून. चांगला जावई म्हणून मिळालेलं कौतुक वापरून संपलं होतं, आणि माणूस अजून घरात होता.

सुनंदाला वाटतं अकोल्याच्या गोळ्यांनी गुण आला. ती अजून त्या डॉक्टरांचं नाव सगळ्यांना सुचवते. आमच्या आळीतले चांगले शहाणे म्हातारे तिच्या सांगण्यावरून अकोल्याला जाऊन आले आहेत. कुणी विचारलं की ती माझ्याकडे बघते, आणि मी सांगतो, हो, फार फरक पडला.

मामाजी मागेच राहतात. पुन्हा घरातूनच आत येतात. मला जवाईबुवा म्हणतात. डाळ सुनंदाला देतात. बोळातल्या भाडेकरूंमध्ये बसायला जात नाहीत. काही मागत नाहीत.

गेल्या महिन्यात ते दवाखान्यात गेले असताना मी त्यांच्या मोरीतल्या नळाचा वायसर काढून टाकला. मुद्दाम. म्हटलं, तक्रार करतील. टोपी घालून पुढच्या दाराशी येतील, मालक म्हणतील, मला दुरुस्ती टाळतो म्हणून बोलतील. मी दोन-तीन सकाळी चहा घेऊन दारातच बसलो. कुणी आलं नाही. मग मागे जाऊन पाहिलं. त्यांनी नळाखाली बादली ठेवली होती, आणि थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून नळाच्या तोंडाला एक चिंधी बांधून तिचं टोक पाण्यात सोडलं होतं.